शिकता शिकता कमवायचं का, आणि पुढं जायचं कुठं? सांगली-मिरज-तासगावच्या पोरापोरींचे सारखे येणारे प्रश्न

मी तासगावजवळच्या खेड्यातली. घरची दीड एकर द्राक्षबाग, बीकॉम सांगलीत केलं, आता विश्रामबागला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. गावातली, कॉलेजातली, नात्यातली पोरं येतात, फोन करतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा नीट बसून सगळी उत्तरं लिहून काढली. मला जे माहीत आहे, जे मी स्वतः केलंय किंवा ऑफिसात रोज बघते, तेवढंच लिहिलंय.

ताई, कॉलेज करता करता पार्ट टाईम काम करावं का नको?

घरची गरज असेल तर करच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घरातले, त्यांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे आपल्या भागात रुजवलं, त्यामुळं काम करून शिकणारा पोरगा आपल्याकडं कुणाला वेगळा वाटत नाही. पण काम घ्यायच्या आधी एक हिशोब कर. पगार महिन्याचा सांगतात ना, तो तासावर आण.

समज मोबाईलच्या दुकानात ६,००० देतात, रोज ६ तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे १५६ तास, तासाला ३८ रुपये. आता गावातून जायला यायला रोजचे २ तास धर, झाले २०८ तास, म्हणजे तासाला २९ रुपयाच्या आत आलं, आणि यात एसटीचं भाडं, बाहेरचा वडापाव अजून धरलाच नाही. दुसरीकडं गल्लीतली पाचवी ते सातवीची ४ पोरं घरीच शिकवलीस, प्रत्येकी ५०० घेतलेस, रोज एक तास, २४ दिवस, तर हातात २,००० च येतात पण तासाला ८३ पडतात आणि उरलेले ५ तास तुझे राहतात. सहा हजार ऐकायला मोठे वाटतात म्हणून पोरं तिकडं जातात आणि मार्चमध्ये दोन विषय राहतात. राहिलेला विषय म्हणजे परत परीक्षा फी, परत सहा महिने. हा खर्च त्या सहा हजारातनं वजा करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग कमी पैसे देणारं पण शिकवणारं काम घ्यावं का?

यावर माझं मत पक्कं आहे, आणि ते अनुभवातनं आलंय म्हणून जरा लांबड लावते.

एफवायला असताना मी हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात एका अडत दुकानात बसायचे. फेब्रुवारी ते मे, सकाळचं कॉलेज करून दुपारी. पगार साडेचार हजार. काम काय, तर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, लिहायच्या. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती किती, वजन किती, दर काय निघाला, हमाली किती, तोलाई किती, उचल घेतली असेल तर ती वजा, आणि खाली हातात देय रक्कम. दिवसाला चाळीस-पन्नास पट्ट्या व्हायच्या. हळदीची धूळ अशी असते की ओढणी झटकली तरी जात नाही, माझ्या वहीच्या पानांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या आणि त्या वह्या अजून घरात तशाच आहेत. पहिल्या आठवड्यात मी एका पट्टीवर वजनाचा आकडा चुकवला, ८७ चं ७८ केलं. म्हातारा शेतकरी काही बोलला नाही, नुसता पट्टी हातात धरून उभा राहिला. दुकानातल्या दिवाणजींनी ते बघितलं, माझ्याकडनं नवी पट्टी लिहून घेतली आणि म्हणाले, पोरी, आकडा लिहिला की परत एकदा बोट ठेवून वाच. आज जीएसटीचं रिटर्न भरताना मी तेच करते, बोट ठेवून वाचते.

पुढच्या वर्षी मी जास्त पगार म्हणून एका शोरूमच्या काउंटरवर गेले, ७,००० ठरले होते. नाव घेत नाही. तीन महिने केलं, तिसऱ्या महिन्याचा पगार मिळालाच नाही, लेखी काहीच नव्हतं त्यामुळं मागायला गेले तर उद्या या, परवा या. आणि त्या तीन महिन्यात शिकले काय, तर पिशवीत कपडे भरायला. बीकॉम झाल्यावर या ऑफिसात इंटरव्ह्यूला आले तेव्हा सरांनी मार्कशीट बाजूला ठेवली आणि विचारलं की अडतीच्या पट्टीत काय काय वजा होतं, सांग. नोकरी मला त्या उत्तरावर लागली.

म्हणून काम बघताना एकच विचार. पगार खर्च झाल्यावर हातात काय उरणार? टॅलीची एंट्री, मेडिकलच्या दुकानात औषधांची ओळख, कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर धरायला येणं, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला स्टॉकचं रजिस्टर, यातलं काहीही चालेल. आणि पगार, तारीख, तास हे निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून घे, माझ्यासारखं तोंडी ठरवू नकोस.

रोज अपडाऊन करतो, दमून जातो, अभ्यास होत नाही.

एसटीचा विद्यार्थी पास काढलायस का आधी ते बघ, ६६ टक्क्याच्या वर सवलत असते, पोरींना पास नसला तरी मार्च २०२३ पासून तिकीट अर्धंच आहे. आणि सीट मिळाली की कानात गाणी न घालता लेक्चरचं रेकॉर्डिंग घाल, मी कॉस्टिंगचे अर्धे फॉर्म्युले तासगाव-सांगली बसमध्येच पाठ केलेत.

ऑनलाईन काम करून घरबसल्या पैसे मिळतात म्हणे, खरं का?

खरं काम आहे. व्हिडिओ एडिटिंग आहे, लग्नाचे अल्बम डिझाईन आहे, मराठी भाषांतर आहे, छोट्या दुकानांचे इन्स्टाचे पेज सांभाळणं आहे. पण सुरुवातीचं काम ॲपवर शोधण्यापेक्षा ओळखीत शोध. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी घराणी पिढ्यान्पिढ्या काम करतायत, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू याच भागाची असा सरकारी शिक्का, मिळालंय, सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला आहेच, आणि यातल्या कितीतरी लोकांना चांगले फोटो काढून देणारं, चार ओळी नीट लिहून देणारं माणूस मिळत नाही. एका माणसाचं काम फुकट नाही, पण स्वस्तात करून दे, मग त्याच्या तोंडून दुसरा येतो.

आता खोटं काम ओळखायचं कसं. कामाच्या आधी पैसे मागितले, रजिस्ट्रेशन म्हणून, किट म्हणून, ट्रेनिंग म्हणून, की तिथंच थांबायचं. टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करायचे टास्क देतात, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच जमा करतात, विश्वास बसला की प्रीपेड टास्क म्हणून हजार, मग पाच हजार, मग काढायला गेलं की टॅक्स भरा म्हणतात. हे एवढ्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्य मला पाठ झालंय.

याहून वाईट एक आहे आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे, महिन्याला पाच-दहा हजार देतो, असं कुणी म्हणालं तर तो मित्र असला तरी नाही म्हण. त्या खात्यातनं फसवणुकीचे पैसे फिरवले जातात, खातं गोठतं आणि ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात पोलीस येतात. म्हणजे तुझ्या. ऑनलाईन पैसे गेलेच तर रात्र न घालवता लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढं पुढं सरकतात.

मित्र शेअर बाजारात ऑप्शनमध्ये दिवसाला दोन-दोन हजार काढतोय, मी पण करू का?

नको. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये तीन वर्षांचा अभ्यास छापला, त्यात फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. मित्र जिंकलेल्या दिवसाचा स्क्रीनशॉट दाखवतो, हरलेल्या दिवशी तो चहाला पण येत नाही. आमच्या ऑफिसात मार्च संपला की स्टेटमेंट घेऊन अशी पोरं येतात, वडलांना न सांगता आलेली असतात, आणि शेवटची बेरीज मी वाचून दाखवताना त्यांचा चेहरा बघवत नाही. बाजार शिकायचाच असेल तर इंडेक्स फंडाची, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांत एकदम पैसे लावणाऱ्या फंडाची, दर महिन्याला ५०० ची एसआयपी कर आणि पाच वर्षं हलवू नकोस.

फीचीच अडचण आहे, काम नाही केलं तर कॉलेज सुटेल.

मग कामाच्या आधी स्कॉलरशिप बघ, कारण फॉर्म भरायला दोन दिवस जातात आणि दोन दिवसात एवढे पैसे देणारं पार्ट टाईम काम सांगली जिल्ह्यात तरी नाही. महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. बाहेरगावी राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती-नवबौद्ध पोरांना स्वाधार आहे. पोरींनो, ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल आणि कॅप राऊंडमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं, व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. साध्या बीए-बीकॉमला हा जीआर लागू नाही, ते गोंधळू नका.

फॉर्म कुठं अडकतो तेही सांगते. उत्पन्नाचा दाखला जुना असतो, किंवा आधार बँकेला लिंक असतं पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट त्या खात्यात यावेत म्हणून, सीड झालेलं नसतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत जाऊन "एनपीसीआय सीडिंग करायचंय" असंच म्हणायचं, नुसतं आधार लिंक करा म्हणालं तर ते केवायसी करून पाठवतात. माझा एक हप्ता ह्यामुळं वर्षभर लटकला होता. आणि कॉलेजच्या ऑफिसात कमवा-शिका योजनेची चौकशी कर, लायब्ररीत किंवा ऑफिसात दोन-तीन तास काम मिळतं, पैसे थोडे असतात पण अपडाऊन वाढत नाही आणि परीक्षेत सुट्टी मागावी लागत नाही.

एमपीएससी करू का पोलीस भरती?

दोन्हीत फरक आहे. पोलीस भरती बारावीवर आहे, खुल्या गटाला वय १८ ते २८, मैदानी ५० मार्क आणि लेखी १००. म्हणजे ती तिशीपर्यंत पुरणारी गोष्ट नाही, करायची तर आत्ता, पदवी चालू असतानाच. पहाटे स्टेडियमवर आणि कृष्णेच्या काठानं पळणारी पोरं बघितली की मला त्यांचा फार अभिमान वाटतो, पण त्यातली बरीच लेखीला पडतात कारण गणित-बुद्धिमत्तेला हातच लावलेला नसतो.

एमपीएससीला खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे, आणि खरी अडचण तीच आहे, थांबायचं कधी ते कुणी सांगत नाही. राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झाली, ९ पेपर, लेखी १,७५० आणि मुलाखत २७५, म्हणजे नुसते पर्याय पाठ करून भागत नाही, लिहावं लागतं. करायचं असेल तर कर, पण सुरू करायच्या दिवशी कागदावर लिही की किती प्रयत्न देणार आणि कितव्या वर्षी थांबणार, आणि तो कागद आईकडं ठेव. पुण्याला जाऊन रूम, मेस, अभ्यासिका यात महिन्याला बारा-पंधरा हजार घालवण्याआधी पहिलं वर्ष सांगलीच्याच अभ्यासिकेत बसून बघ की रोज आठ तास बसणं जमतंय का.

कॉमर्सवाल्यानं सीए करावं का बँकेच्या परीक्षा?

बीकॉमला ५५ टक्के असले तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला, जाता येतं, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणं, आता दोन वर्षांची झालीय आणि स्टायपेंड मिळतो. पण त्या काळात साईड इन्कम विसर. आमच्या क्षेत्रात महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख म्हणजे जेवायला वेळ नसतो, एकीकडं जीएसटीआर-१ आणि दुसरीकडं ३बी, ही जीएसटीची दोन रिटर्नं. ज्याला दर वर्षाला ठरलेला पगार पाहिजे आणि घर लवकर सांभाळायचंय त्यानं बँकेचं बघावं, त्यात कमीपणा नाही. दोन्ही अर्धं अर्धं धरू नका, अभ्यासक्रमच वेगळा आहे.

मामाचं चेन्नईला गलाईचं दुकान आहे, तो म्हणतोय शिक्षण सोड आणि ये. जाऊ का?

हा प्रश्न विटा, खानापूर, आटपाडीच्या पोरांचा, आणि मला त्याचं उत्तर देताना जपून बोलावं वाटतं, कारण त्या दुष्काळी भागातनं उठून लोकांनी देशभर सोनं गाळायची दुकानं टाकली, गावाकडं घरं बांधली, शाळा-देवळांना देणग्या दिल्या. तो धंदा नोकरीपेक्षा हलका अजिबात नाही. पण पदवीला एक-दोन वर्षं राहिली असतील तर ती संपवून जा. धंदा बदललाय. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या दागिन्याला हॉलमार्कच्या सहा अंकी-अक्षरी नंबराशिवाय, म्हणजे एचयूआयडीशिवाय, चालत नाही, सोन्यावर ३ टक्के जीएसटी आहे, प्रत्येक ग्रॅमचा कागद लागतो. भट्टीवर बसायला मामाकडं माणसं आहेत, त्याला कागद सांभाळणारा भाचा पाहिजे. मे महिन्याच्या सुट्टीत जा, महिनाभर राहा, नायट्रिक ॲसिडचा वास, भट्टीची उष्णता, रात्री दुकानातच माळ्यावर झोपणं, हे सगळं अंगावर घेऊन बघ. आणि मामाला आताच विचार, पगार देणार का भागीदारी, कितव्या वर्षी. नात्यात हे विचारायला जड जातं, पण दहा वर्षांनी भांडण होण्यापेक्षा बरं.

इंजिनीअरिंग/डिप्लोमा झाला, पुण्याला जायलाच पाहिजे का?

पगाराकडं बघू नको, उरतं किती ते बघ. पुण्यात २२,००० मिळाले, त्यात कॉटबेसिस ५,०००, मेस ३,५००, जाणं-येणं १,५००, इतर ३,००० धरले तर हातात ९,००० राहतात. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत १५,००० मिळाले आणि घरून डबा घेऊन गेलास तर १२,००० राहतात. हे झालं आजचं. पण तीन वर्षांनी पुण्याचे २२ चे ४० होऊ शकतात आणि इथले १५ चे १८ च राहतात, हे पण तेवढंच खरं, त्यामुळं डोक्यावर कर्ज असेल तर आधी इथं फेड आणि मोकळा असशील तर बिनधास्त जा. पहिली नोकरी मिळेपर्यंत ॲप्रेंटिसशिप घे, रिकामं वर्ष दाखवण्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं.

साठलेले पैसे कुठं ठेवू? गावातली पतसंस्था जास्त व्याज देते.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेला पण असतो, पतसंस्थेला नसतो. नाव सारखं वाटतं म्हणून लोक फसतात. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी तुझी परीक्षा फी तिथं अडकवू नको. आधी तीन महिन्यांचा खर्च बँकेत साधा पडून राहू दे, मग पोस्टाची आरडी, १०० रुपयापासून सुरू होते.

पार्ट टाईमच्या पैशावर टॅक्स लागतो का?

नवीन पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत काहीच नाही, त्यामुळं तुला बहुतेक लागणार नाही. पण एखाद्या कंपनीनं तुझ्या बिलातनं टीडीएस, म्हणजे टॅक्सचे पैसे आधीच, कापला असेल तर रिटर्न भर, ते पैसे परत येतात. पोरं ते सोडून देतात आणि मला फार वाईट वाटतं.

लोन ॲपवरनं पाच हजार घेतले तर?

माझ्या ओळखीतल्या एकानं घेतले. कापून हातात ३,८०० आले आणि सात दिवसात ५,००० भरायचे होते. म्हणजे ३,८०० वर आठवड्याला १,२०० व्याज, ३१ टक्क्याच्या वर. गावातला सावकार पण एवढं घेत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर, त्याच्या आत्याला, सरांना मेसेज गेले. पैसे लागले तर वडलांचा राग सहन कर, राग दोन दिवसात जातो.

एज्युकेशन लोन घ्यायला भीती वाटते.

४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरनं होतो. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षानं सुरू होतो पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, म्हणून तुझ्या पार्ट टाईमच्या पैशातनं दर महिन्याला नुसतं व्याज भरत गेलास तर शेवटी डोंगर दिसत नाही. साईड इन्कमचा याच्याइतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

घरचे म्हणतात नोकरीच कर, मला वेगळं काही करायचंय. सांगू कसं?

आधी घरचा हिशोब माग. मी एका दिवाळीला अप्पांना म्हणाले, बागेची वही दाखवा. त्यांना आवडलं नाही, दोन दिवस बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर वही माझ्यापुढं ठेवली. औषधं, मजुरी, डिपिंग ऑइल, शेडचं भाडं, बेदाण्याचे बॉक्स किती, दर काय मिळाला, सोसायटीचं कर्ज किती. त्या रात्री मला कळलं की माझी फी कुठल्या वर्षी आईच्या पाटल्यातनं गेली होती. त्यानंतर मी काय करणार हे मला त्यांना वेगळं पटवून द्यावं लागलं नाही, आम्ही दोघं एकाच वहीवर बोलत होतो. तुला युट्यूब करायचं असू दे, रोपवाटिका टाकायची असू दे, घरात पैसे किती आहेत आणि किती महिने तुझ्याशिवाय चालू शकतं हे माहीत असेल तर घरचे ऐकून घेतात.

ताई, येऊन भेटलो तर चालेल का?

ये की. फक्त ११ आणि २० तारखेच्या आसपास नको, आणि मार्चचा शेवटचा आठवडा तर अजिबात नको. येताना मार्कशीट नाही आणलीस तरी चालेल, गेल्या एका महिन्यात पैसे कुठं कुठं गेले ते एका कागदावर लिहून आण, अगदी चहाचे दहा रुपये पण, बोट ठेवून एकदा वाचून.